रंग शेवटी, छप्पर आधी

ठाणे

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. वर मुलांच्या सहलीचं विचारलंयस. खाली, जाता जाता, कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, एका छोट्या रेल्वे संग्रहालयातलं नॅरोगेज इंजिन आणि लाकडी डबा ‘रंगवून नवा करण्याचा’ प्रस्ताव तुझ्या टेबलावर आल्याचं लिहिलंयस. खरा प्रश्न तो खालचाच आहे. दोन्हींचं उत्तर एकत्र देते, कारण दिल्लीतलं चाणक्यपुरीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय डोळे उघडे ठेवून फिरलास तर प्रस्तावात काय खोडायचं आणि काय घालायचं ते तुझं तुलाच कळेल. सही त्यानंतर कर.

आधी सहलीचं. सोमवारी ते बंद असतं. दरवाजे उघडायच्या वेळेला पोहोचा. लोखंडावर ऊन चढलं की मुलांना हात लावायचा मोह होतो आणि चटका बसतो. जागा साधारण दहा एकर आहे आणि बरीचशी इंजिनं आवारात उभी आहेत, तेव्हा सायलीला सांग की कबीरला चालायचे बूट घाल, चपला नकोत. एक छोटी बॅटरी आणि एक वही एवढंच न्या. बॅटरी इंजिनाच्या पोटाखाली बघायला लागेल. पोपडे सुटलेल्या रंगाला मात्र मुलांनी हात लावायचा नाही. जुन्या इंजिनांवर पहिला हात शेंदराचा असे, म्हणजे शिशाचा ऑक्साइड जवसाच्या तेलात कालवलेला. वरून कितीही नवे थर चढले तरी पोपड्याच्या मागच्या बाजूला तो असू शकतो. बाहेर पडल्यावर हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडू नका.

सुरुवात पटियाळाच्या मोनोरेलने करा. ती चालवतात तो दिवस आणि वेळ फोनवर विचारून घे. पटियाळा संस्थानात १९०७ च्या सुमारास ही गाडी सुरू झाली. रस्त्याच्या कडेने एकच रूळ, बहुतेक सगळा भार त्यावर, आणि तोल राखायला बाजूला एक मोठं चाक जे रस्त्यावरूनच फिरतं. इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन उंड कॉपेल कंपनीची होती, पण बऱ्याच गाड्या खेचरंच ओढत. १९२७ साली लाइन बंद पडली, सामान संस्थानाच्या बांधकाम खात्याच्या आवारात पडून राहिलं, १९६२ मध्ये कुणाच्या तरी डोळ्यांना दिसलं आणि अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात दुरुस्त झालं. ओवीला एकच प्रश्न विचार: बाजूचं चाक काढलं तर गाडी कुठे पडेल? बघू काय सांगते.

त्याच कंपनीचं दुसरं इंजिन तिथे आहे, आपल्या माथेरानचं, ७३८ नंबरचं. माथेरानची लाइन १९०७ ला सुरू झाली आणि तिच्यावर वाफ १९८२ पर्यंत चालली. अशी चार इंजिनं होती. एक माथेरानला आहे, एक नेरळला, एक इंग्लंडात गेलं. हे एवढंसं इंजिन त्या वळणांवरून कसं जायचं, हे कबीर नक्की विचारेल. पहिल्या आणि शेवटच्या चाकांचा धुरा पोकळ आहे आणि त्याच्या आत दुसरा, चौकटीला धरलेला धुरा आहे. बाहेरचा पोकळ धुरा आतल्यावर थोडा इकडेतिकडे सरकतो आणि वळतो, म्हणून चाकं वळण पकडतात. क्लीन-लिंडनर पद्धत म्हणतात तिला. बाहेरून काहीच दिसत नाही, आणि इथेच जपणुकीची गोम आहे: अशा सांध्यात पाणी शिरून गंजलं तर बाहेर चकचकीत रंग असूनही आतली यंत्रणा कायमची जाम होते.

घाटातला ‘खेकडा’ चुकवू नका. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं विजेचं इंजिन, १९२८ चं, स्वित्झर्लंडमध्ये बांधलेलं, १५०० व्होल्ट डीसीवर चालणारं, ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचं. विल्सन तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. मध्ये उंच धड, दोन्हीकडे लांब नाकं, आणि विजेचं असूनही चाकांना वाफेच्या इंजिनासारखे दांडे. मालगाड्या बोर आणि थळ घाटात यांनीच चढवल्या. मुलांना दांडे दाखव. मोटर नाकात आहे आणि तिची ताकद चाकांपर्यंत त्या दांड्यांतून येते. तू मात्र नाक आणि धड जिथे जोडलंय तिथला सांधा बघ, म्हणजे इंजिन ज्या जागी वाकतं ती जागा. पाऊस पहिला तिथे शिरतो.

बंगाल-नागपूर रेल्वेचं ८१५ नंबरचं गॅरेट जातीचं इंजिन हे सगळ्यांत भारी धूड, सुमारे २३५ टन. दोन टोकांना दोन इंजिनांची चाकं आणि मधे एकच बॉयलर टांगलेला. अजमेरच्या कारखान्यात १८९५ मध्ये बनलेलं एफ-७३४ त्या मानाने साधं दिसतं, पण आपल्या देशात बांधलेलं ते पहिलं इंजिन. बडोद्याच्या गायकवाडांचा सलून डबा १८८६ चा आहे, परळच्या कारखान्यातला. आत छताचं सोनेरी काम काचेतून दिसेल. हत्तीची कवटीसुद्धा आहे, १८९४ मध्ये मेल गाडीला धडकलेल्या हत्तीची. कबीर बाकी सगळं विसरेल आणि तेवढंच घरी येऊन सांगेल, त्याला इलाज नाही.

आता तुझ्या प्रस्तावाकडे येते.

जुनं इंजिन बाहेरून मरत नाही. आतून मरतं आणि खालून मरतं, जिथे रंगाऱ्याचा ब्रश पोहोचत नाही. म्हणून ‘रंगवून नवा’ हे शब्द पाहिले की माझ्या अंगावर काटा येतो. एनॅमलचा हात गंजावर मारला की पहिल्या पावसाळ्यापर्यंत फोटो छान येतात. मग रिव्हेटच्या रांगेत तपकिरी ओघळ दिसू लागतात, मग पुन्हा निविदा, पुन्हा रंग. दर फेरीला पत्रा थोडा पातळ झालेला असतो आणि ते कुणी मोजलेलं नसतं.

सगळ्यांत वर धुराडं. इंजिन बंद पडलं की धुराडं म्हणजे पावसाचं नळकांडं. पाणी सरळ स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे इंजिनाच्या तोंडाच्या गोल दाराच्या मागच्या पेटीत. तिथे शेवटच्या फेरीची राख आणि अर्धवट जळलेल्या कोळशाची बारीक खडी तशीच राहिलेली असते. त्यात गंधक असतं. झरिया-राणीगंजच्या कोळशात कमी, आसामच्या कोळशात पुष्कळ. पण वर्षानुवर्षं साचलेल्या थराला कमीसुद्धा पुरतं. राखेत ओल शिरली की आम्ल तयार होतं आणि पेटीचा तळ खातं. राख ओल धरून ठेवते, त्यामुळे बाहेर कडक ऊन असतानाही तळ ओलाच. आम्ही कुठल्याही इंजिनाच्या तपासणीत आधी तिथेच हात घालायचो. दार उघडून ती राख संपूर्ण काढणं, तळ तारेच्या ब्रशने घासणं, कोरडं करणं आणि धुराड्यावर टोपी बसवणं, एवढं काम चार माणसं एका दिवसात करतात आणि इंजिनाचं आयुष्य वाढवणारं त्याहून स्वस्त काम दुसरं नाही. टोपी हवाबंद नको. पत्र्याची, कडेने बोटभर फट ठेवलेली, जाळी लावलेली. फट नसेल तर आत घाम सुटतो. जाळी नसेल तर पारवे घरटी करतात, आणि त्यांची विष्ठा राखेइतकीच वाईट.

फायरबॉक्स, म्हणजे कोळसा जळतो ती पेटी, आणि त्याखालची राखेची परात, तेच. शेगडीवर राहिलेला ढीग आणि भिंतीच्या तळाशी अडकलेली राख काढायची. जुन्या इंजिनांत आतला फायरबॉक्स तांब्याचा असे. तांबं आणि पोलाद ओल्या अवस्थेत एकमेकांना चिकटून राहिले की झीज पोलादाची होते. पितळी फिटिंग जिथे लोखंडी पत्र्यावर बसलंय तिथे कडेने गंजाची कड दिसते ती याचमुळे.

बॉयलरमधलं पाणी पूर्ण काढलंय का, हे विचारायला विसरू नकोस. धुण्याचे प्लग आणि चिखलाची झाकणं काढून ठेवायची, म्हणजे आत हवा खेळते. उघड्यावर ठेवलेल्या इंजिनाच्या बाबतीत मी तरी बॉयलर बंद करून आत ओल शोषणारं द्रव्य ठेवण्याच्या भानगडीत पडणार नाही. ते दर काही महिन्यांनी कुणीतरी बदललं पाहिजे, आणि ते कुणीतरी दुसऱ्या वर्षी बदलून गेलेलं असतं. उघड्या भोकांवर जाळी लावा, संपलं.

बॉयलरच्या बाहेरून पातळ पत्र्याचं आवरण असतं आणि दोहोंच्या मधे उष्णता राखण्याचा थर. तो थर ॲस्बेस्टॉसचा असू शकतो; असेलच असं धरून चालायचं. पांढरट, धाग्याधाग्यांचं काही दिसलं तर काम थांबवायचं, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा आणि काढायचं काम प्रशिक्षित लोकांकडूनच करून घ्यायचं: ओलं करून, सीलबंद पिशव्यांत, योग्य मास्क घालून. विजेच्या इंजिनांतही ठिणगी विझवण्याच्या पेट्यांत ते सापडतं. तुमच्या प्रस्तावात यासाठी वेगळी ओळ आणि वेगळे पैसे नसतील, तर कंत्राटदार काय करेल? साधा मजूर खराट्याने ते झाडून टाकेल. ही ओळ नसताना सही करू नकोस, हे मी आई म्हणून सांगते आणि केमिस्ट म्हणूनही.

थर काढल्यावर परत काही भरायचं नाही. इंजिन गरम होणारच नाही, मग कापूस कशाला? तो फक्त पाणी धरून ठेवतो. आवरणाचा पत्रा मधे फट ठेवून परत बसवायचा आणि सगळ्यांत खालच्या रेषेत ८-१० मिलिमीटरची निचऱ्याची भोकं पाडायची.

टेंडरचा, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाडीचा, हिशेब तुला आवडेल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. दिल्लीत वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पडतो. टेंडरचा वरचा भाग दहा चौरस मीटर धरला तर वर्षाला सात-आठ हजार लिटर पाणी त्याच्यावर ओतलं जातं. कोळशाच्या कप्प्यात कोळशाची पूड उरलेली असेल तर ती चिखल होऊन निचरा बुजवते. पाण्याच्या टाकीचं झाकण गहाळ असेल तर ती आतून भरते, आणि तळाचा पत्रा बाहेरून रंगलेला, आतून खाल्लेला. हा पत्रा मुळात साधारण ६ मिलिमीटरचा असतो. जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक यंत्र हातात मावतं, भाड्यानेही मिळतं. तळावर आणि बाजूंवर ठरावीक जागा नकाशावर आखून घ्यायच्या, जाडी लिहायची, आणि दरवर्षी त्याच जागा पुन्हा मोजायच्या. हा तक्ता ज्या संग्रहालयाकडे आहे ते आपलं इंजिन ओळखतं. प्रस्तावात ‘पहिल्या महिन्यात ५० ठिकाणी जाडीचं मापन’ असं स्पष्ट लिही.

दोन पत्रे एकावर एक ठेवून रिव्हेट मारलेले असतात त्या फटीत पाणी शिरलं की काय होतं ते चाणक्यपुरीत शोधून बघ, कुठल्याही जुन्या लोखंडावर थोडंफार सापडतं. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो. त्याला बाहेर यायला वाव नसतो, म्हणून तो पत्र्यांना आतून ढकलतो आणि रिव्हेटांच्या मधला पत्रा पोळीसारखा फुगतो. कधी रिव्हेटचं डोकंच उडतं. असा फुगवटा दिसला की कंत्राटदार लांबी, म्हणजे पुट्टी, भरून सपाट करतो आणि वर रंग देतो. मग आतली ओल कायमची कोंडली जाते. लांबी कुठे भरलीय ते ओळखायला लहानसं चुंबक पुरतं. पत्र्याला घट्ट चिकटतं, लांबीवर घसरतं. हा प्रयोग तुमच्या इंजिनावर, तिथल्या लोकांना विचारून कर. चाणक्यपुरीत नको, चुंबक घरी ठेव; मुलं ते सगळ्या इंजिनांवर ओढत फिरतील.

चाकांखाली बघताना बॅटरी लाव. इंजिन काँक्रीटमध्ये पुरलेल्या रुळांवर उभं असेल तर चाकाच्या कडेशी पाणी साचतं. खडी घातलेला, उतार दिलेला ट्रॅक कधीही बरा. ब्रेकचे ठोकळे चाकाला टेकलेले असतील तर दोन्ही गंजून एकजीव होतात. ठोकळे मागे घेऊन बोटभर फट ठेवायची. धुऱ्याच्या पेट्यांत तेलाच्या खाली पाणी साठतं, कारण तेल तरंगतं. तळाचा प्लग काढून आधी पाणी सोडायचं, मग ताजं तेल, मग आतली लोकरीची गादी बदलायची. हे सगळं झाल्यावर दर तीन-चार महिन्यांनी सब्बल लावून इंजिन पाव चाक पुढे ढकलायचं, म्हणजे भार एकाच जागी राहत नाही आणि तेल सगळीकडे पोहोचतं. तेल न घालता ढकललं तर धुराच ओरबाडला जातो, तेव्हा हा क्रम लिहून दे. सिलिंडरचे निचऱ्याचे कॉक कायम उघडे.

दांड्यांना चंदेरी रंग फासायची आपल्याकडे फार हौस आहे. ते उघडं, घासून चमकवलेलं पोलाद असायचं. चंदेरी रंगाखाली भेग लपते, कारखान्यात ठोकलेला नंबर लपतो. त्या नंबरांना फार महत्त्व आहे. दुरुस्तीत एका इंजिनाचे भाग दुसऱ्याला लागत, त्यामुळे दांड्यावर, सिलिंडरवर, चाकावर वेगवेगळे नंबर सापडले तर तो त्या इंजिनाचा इतिहास आहे. दांड्यांवर लॅनोलिनचा किंवा मेणाचा पातळ हात द्यायचा, वर्षातून दोनदा पुसून पुन्हा लावायचा. पितळी पाट्यांचंही तसंच: दर आठवड्याला पॉलिश म्हणजे दर आठवड्याला थोडी अक्षरं कमी. एकदा नीट स्वच्छ करून मेण लावा आणि हात आवरा.

आता डबा. लाकडी डब्यात माझा जीव जास्त अडकतो, कारण इंजिन वाचवायला उशीर झाला तरी काहीतरी उरतं, डब्याचं उरत नाही. छत फळ्यांचं असतं आणि त्यावर पांढऱ्या शिशाच्या लेपात बसवलेला जाड कॅनव्हास, वर रंग. कॅनव्हास हवेच्या झडपांपाशी आणि दिव्यांच्या भोकांपाशी आधी फाटतो. पाणी आत टपकलं तर निदान कुणाला दिसतं तरी. न दिसणारं पाणी भिंतीत उतरतं. या डब्यांच्या खिडक्या खाली सरकून भिंतीच्या पोकळीत जातात, म्हणजे प्रत्येक खिडकीखाली भिंतीत एक उभा खिसा आहे. काचेवरून ओघळणारं पाणी त्यात जातं आणि तळाच्या भोकातून बाहेर पडावं अशी योजना असते. ते भोक पानांनी, रंगाने, उंदरांच्या घरट्याने बुजलं की खिसा भरतो आणि खालचं आडवं लाकूड, ज्यावर सगळे खांब उभे आहेत, कुजतं. सागवान आहे, टिकेल, असं म्हणणारे भेटतील. सागवान वाळवीला दाद देत नाही हे बरंचसं खरं, पण वर्षानुवर्षं ओलं ठेवलेलं लाकूड, कुठलंही असो, कुजतंच. डब्याच्या एका टोकाशी उभं राहून खालच्या कडेची रेघ नजरेने पाहा. मधे झोळ दिसला तर लाकूड गेलंय. ओल मोजायचं यंत्र लावून १२ ते १५ टक्के आलं तर ठीक, २० च्या वर गेलं की बुरशीला आमंत्रण.

पहिलं काम म्हणजे प्रत्येक खिशाचं तळाचं भोक तारेने मोकळं करणं. एक तासाचं काम. सिलिकॉनने फटी बंद करायच्या नाहीत. आत गेलेल्या पाण्याला बाहेरची वाट हवी. डब्यावर ताडपत्री किंवा प्लॅस्टिक तर अजिबात नको. रात्री गार पडलं की त्याच्या आतून दव धरतं आणि डबा उकडत राहतो. आतल्या गाद्या आणि पडदे असतील तर खिडक्यांना पडदे लावून उजेड ५० लक्सच्या आसपास ठेवायचा. भर उन्हात तो आकडा दहा हजारांच्या वर जातो, म्हणून जुन्या कापडाच्या खिडकीकडच्या कडा आधी विटतात.

हे सगळं करूनही वर छप्पर नसेल तर दरवर्षी पुन्हा तेच. इंजिन आणि डबा मिळून २५ मीटर लांब, ७ मीटर रुंद अशी साधी पत्र्याची शेड, चारी बाजू मोकळ्या, कडेने सव्वा-दीड मीटर पुढे आलेली, म्हणजे तिरका पाऊस अंगावर येत नाही. पन्हळीला शंभरात एकाचा उतार आणि पाणी ट्रॅकपासून लांब नेणारी गटार. भिंती बांधल्या तर दमट हवा कोंडते. लोखंडाच्या गंजाची गती हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की वाढते, म्हणून वारा खेळता हवा. तुमच्या कमिटीतल्या कुणाला तरी शेड नको असेल, कारण शेडखाली फोटो चांगला येत नाही. त्यांना वरचा पाण्याचा हिशेब दाखव.

रंग सगळ्यांत शेवटी, आणि तो देण्याआधी जुने थर वाचून घ्यायचे. पाच सेंटिमीटरच्या गोलात बारीक पॉलिश पेपरने, ओलं करून, थर उतरता उतरता घासलं की झाडाच्या खोडासारख्या रंगांच्या कड्या दिसतात. कुठल्या कंपनीच्या काळात कुठला रंग होता ते तिथे लिहिलेलं असतं. असे तीन-चार गोल वेगवेगळ्या जागी घासायचे, मोजपट्टी ठेवून फोटो काढायचे आणि एक गोल तसाच, पारदर्शक लेपाखाली, राखायचा. सरसकट वाळूचा मारा केला तर हे सगळं आणि ठोकलेले नंबर एका दुपारीत जातात. ज्या भागांवर काहीच उरलेलं नाही तिथे मारा चालेल, बाकी हाताने.

प्रमाण सांगते. इंजिन आणि टेंडरचा पृष्ठभाग १०० चौरस मीटर धर. घनभाग, म्हणजे सुकल्यावर उरणारा भाग, ७० टक्के असलेला एक लिटर रंग ७५ मायक्रॉन जाडीने हिशेबाप्रमाणे ९ चौरस मीटर झाकतो, पण रिव्हेट, कोपरे आणि सांडलवंड धरून साडेसहाच. म्हणजे एका हाताला १५-१६ लिटर. झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्रायमर, मधला हात, वरचा पॉलियुरेथेन, मिळून सव्वादोनशे मायक्रॉन आणि पन्नास लिटरच्या आत. कडा आणि रिव्हेटांच्या डोक्यांवर प्रायमरचा एक जादा हात आधी ब्रशने द्यायचा, कारण कडेवर रंग पातळ बसतो. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्याच्या, किमान तीन अंश वर हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. हवा ३० अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर दवबिंदू २४ येतो, मग पत्रा २७ च्या वर हवा. जाड बिडाचे भाग रात्रीचा गारवा सकाळी उशिरापर्यंत धरून ठेवतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीत तिकडे रंगकाम घेऊ नका. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत सोयीचं. मार्चअखेरीस निधी संपवायची घाई असते तुम्हा लोकांना, तर शेडचं आणि मापनाचं बिल आधी काढा.

कुणीतरी विचारेलच की इंजिन चालू करता येईल का. येतं कधीकधी. १८५५ ची फेअरी क्वीन १९०९ साली सेवेतून गेली आणि १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर धावली. रेवाडीच्या शेडमध्ये वाफेची इंजिनं आजही जिवंत ठेवली जातात; जमलं तर पुढच्या सुट्टीत मुलांना तिकडेही ने. पण चालवायचं म्हणजे बॉयलरची पाण्याच्या दाबाची चाचणी, नळ्या बदलणं, शिशाचे प्लग, प्रशिक्षित ड्रायव्हर-फायरमन आणि दरवर्षीचा खर्च. शिवाय झिजलेले भाग बदलत गेलं की जुनं उरतं किती, हा प्रश्न असतोच. तुमच्या इंजिनाची तळाची जाडी कळेपर्यंत हा विषय काढूच नका. एखादा तुकडा बदलावा लागला तर नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला वर्ष ठोकायला सांग, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होणार नाही.

तर प्रस्ताव असा फिरव: आधी फोटो आणि मापन, मग ॲस्बेस्टॉसची चाचणी, मग राख-पाणी-निचऱ्याची सफाई, मग शेड, उरलेल्या पैशात डब्याचं छत, आणि रंग दुसऱ्या वर्षी. त्याखेरीज पाच वर्षांच्या देखभालीसाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला. एकरकमी मोठा खर्च आणि नंतर शून्य, यापेक्षा लहान रक्कम आणि दर पावसाळ्याआधी एक माणूस, शिडी, तार आणि तेलाचा डबा, हे मी कधीही पसंत करेन. कोणताही भाग काढण्याआधी रेल्वेची लेखी परवानगी लागेल, ती संग्रहालयाच्या नावाने मागवा, कंपनीच्या नव्हे.

मला तुमच्या इंजिनाचे फोटो पाठव: धुराड्याचं तोंड वरून, स्मोकबॉक्सचं दार उघडून आतला तळ, टेंडरच्या टाकीचं झाकण, डब्याची खालची कड दोन्ही बाजूंनी, आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी. स्मोकबॉक्सचं दार जाम असेल तर हातोड्याने ठोकू नका. बिजागरीवर आणि मधल्या स्क्रूवर भेदक तेल सोडून दोन दिवस थांबा. बाबा म्हणतात टेंडरवर चढताना सायलीला खाली उभी कर आणि मुलांना वर नेऊ नकोस. सायलीला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आई